शिकलेले सोबत न्या
कॉलेज बदलताना पर्यावरणाच्या पेपरचे काय होते?

पदवीच्या परीक्षेत इतिहास सुटला, अर्थशास्त्र सुटले, इंग्रजीसुद्धा सुटली आणि पदवी अडकली ती पर्यावरणाच्या पेपरात, अशी मुले-मुली प्रत्येक मोहल्ल्यात एक-दोन तरी सापडतात. पेपर अवघड होता म्हणून हे घडत नाही. पेपर एका कॉलेजात दिला, पुढचे शिक्षण दुसऱ्या कॉलेजात झाले आणि पहिल्या कॉलेजातला निकाल दुसऱ्या कॉलेजापर्यंत पोहोचलाच नाही, म्हणून घडते.

आपल्या घरांत शिक्षणाच्या मधोमध गाव बदलण्याची कारणे पुष्कळ असतात. मालेगावात यंत्रमागाचे काम मंदावले की घर भिवंडीला हलते. वडिलांची बदली मनमाडहून दुसरीकडे होते. मुलगा दुसरे वर्ष संपवून आखातात कामाला जातो आणि चार वर्षांनी परत येतो. आणि सर्वांत जास्त वेळा घडते ते मुलींच्या बाबतीत. दुसऱ्या वर्षात असताना निकाह होतो, सासर दुसऱ्या जिल्ह्यात असते. सासरचे लोक मनाने चांगले असतात, "शिकायचे तर शीक बेटा" असे म्हणतात. पण नव्या गावातल्या कॉलेजच्या खिडकीवर "तुमचे आधीचे पेपर आम्हाला दिसत नाहीत" असे उत्तर मिळाले की दोन वर्षांची मेहनत कपाटात पडून राहते.

असे होऊ नये यासाठी आज नियम आहेत, व्यवस्था आहे. ती कशी चालते, कुठे अडते आणि घरच्यांनी काय करावे, हे पर्यावरणाच्या पेपराच्या निमित्ताने समजून घेऊ. हा एक पेपर समजला की बाकीच्या विषयांचेही गणित समजते.

हा पेपर सगळीकडे का असतो?

बी.ए. करा, बी.कॉम. करा, बी.एस्सी. करा, पर्यावरणाचा पेपर चुकत नाही. पुष्कळ पालक विचारतात, "कॉमर्सच्या मुलाला झाडे-नद्या कशाला?" त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयात आहे. एम. सी. मेहता या वकिलांनी केलेल्या याचिकेवर 22 नोव्हेंबर 1991 रोजी न्यायालयाने निकाल दिला की पर्यावरणाचे शिक्षण शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने द्यावे. बरीच वर्षे हा आदेश कागदावरच राहिला. पुढे न्यायालयाने पुन्हा लक्ष घातले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, सगळ्या शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा एक समान अभ्यासक्रम तयार केला. त्याच्या आखणीत पुण्याचे डॉ. इराक भरूचा यांचा मोठा वाटा होता. ते व्यवसायाने शल्यचिकित्सक आणि ओढीने निसर्ग-अभ्यासक. त्या अभ्यासक्रमात 50 तासिका होत्या, आठ घटक होते आणि 100 पैकी 25 गुण प्रत्यक्ष बाहेर जाऊन केलेल्या पाहणीसाठी होते.

यातून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मराठी वाङ्मयाचा किंवा इतिहासाचा अभ्यासक्रम प्रत्येक विद्यापीठात वेगळा असतो. पर्यावरणाचा गाभा मात्र देशभर जवळपास एकच आहे, कारण तो एकाच आदेशातून आला. म्हणून "हा पेपर मी आधीच्या विद्यापीठात उत्तीर्ण झाले आहे, तो मान्य करा" असे म्हणण्याचा सर्वांत पक्का आधार याच पेपराला आहे. तरीही तोच जास्त अडतो, कारण त्याच्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. विद्यार्थी त्याची गुणपत्रिका जपून ठेवत नाहीत. अनेक ठिकाणी मूल्यमापन कॉलेजकडेच असते आणि कॉलेजने श्रेणी विद्यापीठाकडे वेळेवर पाठवली नाही तर ती राहून जाते. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पदवीचा अर्ज भरताना ही रिकामी जागा दिसते.

श्रेयांक म्हणजे काय?

पूर्वी गुण आणि टक्केवारी एवढेच पाहिले जाई. आता गुणपत्रिकेवर क्रेडिट हा शब्द दिसतो. शासकीय मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात. गुण सांगतात की विद्यार्थ्याने पेपर किती चांगला दिला. श्रेयांक सांगतो की त्या विषयासाठी अभ्यास किती झाला.

हिशेब साधा आहे. एका सत्रात, म्हणजे साधारण 15 आठवडे, दर आठवड्याला एक तास वर्गात शिकवले की एक श्रेयांक होतो. प्रात्यक्षिकाचे किंवा क्षेत्रकामाचे दर आठवड्याला दोन तास धरले की एक श्रेयांक. म्हणजे दोन श्रेयांकांचा पर्यावरणाचा पेपर म्हणजे साधारण 30 तासिका, चार श्रेयांकांचा म्हणजे 60.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या वर्षाअखेर किमान 40, दुसऱ्या वर्षाअखेर 80 आणि तीन वर्षांच्या पदवीसाठी 120 श्रेयांक लागतात. चौथे वर्ष करून ऑनर्स घ्यायची असेल तर 160. एका वर्षानंतर शिक्षण थांबले तर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर थांबले तर पदविका मिळण्याची सोय आहे. मात्र त्यासाठी उन्हाळी सुट्टीत चार श्रेयांकांचा एक व्यवसायाभिमुख कोर्स जादा करावा लागतो. थांबलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि सात वर्षांच्या आत पदवी पूर्ण करता येते. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना 2023-24 पासून आणि विद्यापीठांना संलग्न असलेल्या महाविद्यालयांत 2024-25 पासून सुरू झाली.

क्रेडिटची बँक

हे श्रेयांक ठेवण्यासाठी देशपातळीवर एक खाते असते. त्याचे नाव ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, थोडक्यात एबीसी. यूजीसीने जुलै 2021 मध्ये त्याचे नियम काढले. बँक म्हटले तरी इथे पैशांचा संबंध नाही. खाते उघडायला फी लागत नाही. डिजिलॉकरवर आधारच्या साहाय्याने नोंदणी केली की 12 अंकी क्रमांक मिळतो. तो कॉलेजला द्यायचा. निकाल लागल्यावर कॉलेज किंवा विद्यापीठ त्या विद्यार्थ्याचे श्रेयांक त्या खात्यात जमा करते.

या बँकेचे चार नियम प्रत्येक घरात माहीत असायला हवेत.

पहिला नियम असा की, विद्यार्थी स्वतः गुणपत्रिका घेऊन खात्यात श्रेयांक भरू शकत नाही. ते काम फक्त नोंदणीकृत संस्थाच करू शकते. म्हणून जुन्या कॉलेजने श्रेयांक भरले आहेत की नाहीत हे गाव सोडण्याआधी पाहायचे. सोडल्यानंतर पाठपुरावा करणे फार कठीण जाते.

दुसरा नियम: 2021-22 किंवा त्यानंतर शिकलेल्या अभ्यासक्रमांचेच श्रेयांक या बँकेत चालतात. त्याआधी दिलेल्या पेपराची वाट वेगळी आहे, ती पुढे सांगितली आहे.

तिसरा नियम: जमा झालेले श्रेयांक साधारणपणे सात वर्षे टिकतात. निकाह, बाळंतपण, घरची आजारपणे यांत सात वर्षे कशी निघून जातात ते कळत नाही. "मुले शाळेत जाऊ लागली की पुढचे पाहू" असे ठरवणाऱ्या भगिनींनी ही मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

चौथा नियम: जे विद्यापीठ पदवी देणार, त्याच्याकडे किमान निम्मे श्रेयांक मिळवलेले असावे लागतात. 120 श्रेयांकांच्या पदवीत 60. म्हणजे दोन वर्षे पूर्ण करून 80 श्रेयांक मिळवलेल्या मुलीने तिसऱ्या वर्षाला विद्यापीठ बदलले तर सगळे 80 तसेच्या तसे उपयोगी पडतील असे गृहीत धरता येत नाही. प्रवेशाची फी भरण्याआधी नव्या विद्यापीठाकडून हा हिशेब लेखी विचारून घ्यावा. एका वर्षानंतर बदल केला तर ही अडचण सहसा येत नाही. निकाहाची तारीख ठरवताना हा मुद्दा दोन्ही घरांनी विचारात घेतला तर मुलीचे एक वर्ष वाचू शकते.

आणखी एक बाब. एका पदवीसाठी वापरलेले श्रेयांक खात्यातून वजा होतात. तेच श्रेयांक दुसऱ्या पदवीसाठी पुन्हा दाखवता येत नाहीत.

मालेगावहून नाशिक आणि मालेगावहून धुळे

नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. पुणे आणि अहिल्यानगर हे जिल्हेही त्यातच. मालेगावची विद्यार्थिनी नाशिक शहरातल्या संलग्न कॉलेजात आली तर गाव बदलले, कॉलेज बदलले, पण विद्यापीठ तेच राहिले. तिचा कायम नोंदणी क्रमांक, ज्याला मुले पीआरएन म्हणतात, तोही तोच राहतो. पर्यावरणाच्या पेपराची श्रेणी विद्यापीठाच्या दप्तरी आलेली असेल तर तो पेपर पुन्हा द्यावा लागण्याचे कारण नाही. तपासायचे एवढेच की ती आली आहे का.

मालेगावहून धुळे साधारण 50 किलोमीटर, तासाभराचा रस्ता. पण तिथे विद्यापीठ बदलते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हे जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे आहेत. भिवंडी मुंबई विद्यापीठाकडे. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. हद्द ओलांडली की जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन, आणि नव्या विद्यापीठाकडून पात्रता, या दोन्ही गोष्टी लागतात. त्यानंतर नवे विद्यापीठ जुने पेपर आपल्या पेपरांशी जुळवून पाहते. जो जुळला त्यात सूट मिळते, जो जुळला नाही तो द्यावा लागतो.

जिथे नेहमीच्या कॉलेजात जाणे शक्य नसते, तिथे मुक्त विद्यापीठाचा रस्ता आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या नाशिकमध्येच, गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. 1989 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे राज्यभर आहेत. त्यामुळे सासर कुठेही असले तरी विद्यापीठ बदलावे लागत नाही, केवळ अभ्यासकेंद्र बदलते. उर्दू माध्यमातून शिकलेल्यांसाठी हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाचे दूरशिक्षण आहे, तसेच दिल्लीचे इग्नू आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी ही नेहमीच्या पदवीइतकीच ग्राह्य, असा यूजीसीचा नियम आहे. पेपर कोणत्या भाषेत लिहिला यावर श्रेयांक मोजले जात नाहीत. उर्दूत लिहिलेला पर्यावरणाचा पेपर मराठीत किंवा इंग्रजीत लिहिलेल्या पेपराइतकाच मोलाचा.

काही मुली घरी बसून शासनाच्या स्वयम् या ऑनलाइन मंचावरून कोर्स करतात. 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वयम् वरून घेण्याची परवानगी विद्यापीठे देऊ शकतात. शिकणे मोफत आहे, प्रमाणपत्रासाठीची परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि तिला फी असते. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी आपल्या कॉलेजची लेखी संमती घ्यायची आणि मग कोर्सला नाव नोंदवायचे. आधी कोर्स करून मग विचारायला गेले तर प्रमाणपत्र हाती राहते आणि श्रेयांक मिळतीलच याची खात्री नसते.

कुठे अडते?

पहिली अडचण आकड्यांची. पेपराचे नाव एक आणि वजन वेगळे. यूजीसीच्या 2023 च्या आराखड्यात पर्यावरण शिक्षणाला किमान चार श्रेयांक सुचवले आहेत. इग्नूचा पर्यावरण अभ्यासही चार श्रेयांकांचा आहे. राज्यातल्या नव्या रचनेत मात्र हा विषय मूल्यशिक्षणाच्या गटात येतो आणि बऱ्याच कॉलेजांत दोन श्रेयांकांचा असतो. चार श्रेयांक मिळवलेला विद्यार्थी दोन श्रेयांकांच्या ठिकाणी गेला तर पेपर सुटतो. दोनवाला चारच्या ठिकाणी गेला तर उरलेल्या दोनांचे काय करायचे हे विचारून घ्यावे लागते. काही वेळा एखादा छोटा कोर्स किंवा प्रकल्प करून ती तूट भरता येते.

दुसरी अडचण शून्य श्रेयांकांची. अभियांत्रिकीच्या एआयसीटीईच्या आदर्श अभ्यासक्रमात पर्यावरण विज्ञान सक्तीचे आहे, पण त्याला श्रेयांक नाहीत. उत्तीर्ण व्हावे लागते, खात्यात काही जमा होत नाही. इंजिनिअरिंग सोडून बी.एस्सी.ला आलेल्या मुलाचा हा पेपर एबीसीच्या खात्यात दिसणार नाही. तो गुणपत्रिका दाखवून सूट मागू शकतो, पण मान्य करणे नव्या विद्यापीठाच्या हाती आहे. नर्सिंग, फार्मसी असे अभ्यासक्रम ज्या-त्या परिषदेच्या नियमांनी चालतात. तिथून दुसऱ्या शाखेत जाताना आधी चौकशी केलेली बरी.

तिसरी अडचण जुन्या विद्यार्थ्यांची. समजा एखाद्या भगिनीने 2014 साली दुसऱ्या वर्षाला पर्यावरणाचा पेपर उत्तीर्ण केला, मग शिक्षण सुटले आणि आता तिला पुन्हा सुरू करायचे आहे. तिचे श्रेयांक बँकेत नाहीत आणि येणारही नाहीत. तिने जुनी गुणपत्रिका आणि त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची प्रत जोडून सूट मागावी. विद्यापीठाची समिती दोन्ही अभ्यासक्रम ताडून निर्णय देते. नाकारले तरी खचून जाऊ नये. पेपर पुन्हा द्यावा लागला तरी त्यातला बराच भाग तिने आधी शिकलेला असतो.

नावाचा घोळ

आपल्या समाजात सर्वांत जास्त अर्ज परत येतात ते नावामुळे. शेख हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. मोहम्मद कुठे पूर्ण असते, कुठे मोहद, कुठे नुसते एमडी. मुलीच्या नावापुढे दहावीच्या प्रमाणपत्रात बी असते, आधारवर बानो असते, रेशनकार्डावर काहीच नसते. घरात सगळ्यांना ठाऊक असते की ही एकच मुलगी आहे. संगणकाला ते ठाऊक नसते. आधारवरचे नाव आणि कॉलेजच्या नोंदीतले नाव जुळले नाही तर श्रेयांक खात्याला जोडताना अडथळा येतो.

निकाहानंतर आणखी एक गुंता होतो. आधारवर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव येते, गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव राहते. पदवी हाती येईपर्यंत शिक्षणाच्या सगळ्या कागदांवर आणि शक्य असेल तर आधारवरही दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच नाव ठेवावे, हा सर्वांत सोपा मार्ग. पत्ता बदलायला हरकत नाही. नाव आधीच बदलले असेल तर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जवळ ठेवावी. नुसता निकाहनामा पुरेसा धरला जाईल असे समजू नये, विवाहाची सरकारी नोंदणी करून घ्यावी.

आणि मोबाइल नंबर. मुलीच्या आधारला बहुधा अब्बांचा किंवा भावाचा नंबर जोडलेला असतो. सासरी गेल्यावर ती डिजिलॉकर उघडायला बसते आणि ओटीपी माहेरच्या फोनवर जातो. भाऊ कामावर असतो, फोन उचलत नाही. सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकून खाते उघडलेले असेल तर आणखी पंचाईत. आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडणे हे निकाहाच्या खरेदीच्या यादीत असायला हवे, इतके ते गरजेचे आहे.

पाहणीची वही टाकू नका

पर्यावरणाच्या पेपराचा एक भाग पुस्तकाबाहेरचा असतो. नदी, टेकडी, प्रदूषित जागा, पक्षी, कचरा यांपैकी काहीतरी पाहून अहवाल लिहायचा असतो. बरीच मुले तो झेरॉक्सच्या दुकानातून तयार घेतात. इथे नुकसान दुहेरी होते. शिकणे होत नाही आणि पुढे कोणी विचारले तर दाखवायला काही नसते.

नाशिक जिल्ह्यात पाहण्याजोगे पुष्कळ आहे. त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी शहरातून पुढे जाताना कशी बदलते, हे काठाने चालत गेले तरी कळते. शहरातली नासर्डी, जिला नंदिनी म्हणतात, तिच्या पुलावर उभे राहिले तरी एका अहवालाचा मजकूर मिळतो. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. मालेगावच्या मुलीला तर घराबाहेर पडले की विषय सापडतो. मोसम नदीचे पाणी, सायझिंगच्या चिमण्यांचा धूर, प्लास्टिक वितळवणाऱ्या कारखान्यांचा वास आणि मागांचा आवाज. ज्या मोहल्ल्यात खोकला घरोघरी आहे, तिथे हा विषय पेपरापुरता राहत नाही. आपल्या गल्लीत किती घरांत खोकल्याचा त्रास आहे, पिण्याचे पाणी कुठून येते, कचरा कधी उचलला जातो, एवढे जरी तिने स्वतः विचारून लिहिले तरी तो खरा अभ्यास आहे.

अशी वही शिक्षकांच्या सहीनिशी जपून ठेवली तर नवे कॉलेज "क्षेत्रकाम झाले आहे का?" असे विचारते तेव्हा कामी येते. एका शहरातली पाहणी दुसऱ्या शहरात मान्य करायला शिक्षक कधी कधी कचरतात. समोर सहीची वही असली की त्यांचेही काम सोपे होते.

गाव सोडण्याआधी

कॉलेज सोडायचे ठरले की घाईत दाखला काढून निघून जाऊ नये. आधी डिजिलॉकर उघडून एबीसी खात्यात आतापर्यंतच्या प्रत्येक सत्राचे श्रेयांक दिसतात का ते पाहावे. पर्यावरणाचा पेपर त्यात नावानिशी आहे का हेही पाहावे. दिसत नसेल तर कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कोणाच्या लक्षात राहत नाही. मग सर्व सत्रांच्या मूळ गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि पर्यावरणाच्या अभ्यासक्रमाची छापील प्रत घ्यावी. अभ्यासक्रमाच्या प्रतीवर कॉलेजचा शिक्का आणि सही असावी. हीच प्रत मिळवायला पुढे सर्वांत जास्त फेऱ्या माराव्या लागतात, कारण दर काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलतो आणि जुना सापडत नाही. मधल्या काळात शिक्षण थांबले असेल तर खंडाचे प्रतिज्ञापत्रही लागते.

नव्या ठिकाणचा अर्ज लांबलचक नको. पुढील मजकूर पुरेसा आहे:

"मी अमुक विद्यापीठाच्या अमुक महाविद्यालयात अमुक वर्षी द्वितीय सत्रात पर्यावरण अभ्यास हा इतक्या श्रेयांकांचा विषय उत्तीर्ण केला आहे. माझा एबीसी क्रमांक अमुक आहे. गुणपत्रिका आणि त्या वर्षीचा अभ्यासक्रम सोबत जोडला आहे. आपल्या अभ्यासक्रमातील समकक्ष विषयातून मला सूट मिळावी आणि माझे श्रेयांक ग्राह्य धरावेत, ही विनंती. निर्णय लेखी कळवावा."

शेवटचे वाक्य विसरू नये. "होऊन जाईल" असे खिडकीवर कोणी म्हणाले तरी त्याला आधार नसतो. बदली होते, माणसे बदलतात. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हाती लेखी पत्र असेल तरच ते चालते.

वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द

रिश्ता ठरवताना आपण मेहरची रक्कम विचारतो, मुलाचे काम विचारतो, घर भाड्याचे की स्वतःचे हे विचारतो. मुलगी शिकत असेल तर आणखी तीन प्रश्न विचारावेत. तुमच्या गावात कोणते विद्यापीठ चालते? तिचा विषय तिथे आहे का? आणि पुढच्या सत्राचा प्रवेश कोण करून देणार? "शिकू देऊ" हे वचन नेकीचे असते, पण त्याच्यामागे प्रवेशाची तारीख आणि कागदांची फाईल नसेल तर चांगल्या घरांतही ते मागे पडते.

दहेज घेऊ-देऊ नये हे आपण सांगत आलो आहोत. मुलीसोबत एक फाईल मात्र जरूर द्यावी. त्यात दहावीपासूनच्या मूळ गुणपत्रिका, दाखला, एबीसी क्रमांक लिहिलेला कागद, पर्यावरणाची सही असलेली वही आणि अभ्यासक्रमाची प्रत असावी. सासूबाईंनी किंवा नणंदेने ती कपाटात कुठे ठेवली आहे हे मुलीला माहीत असावे. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की ती फाईल घेऊन घरातल्या कोणीतरी तिच्यासोबत कॉलेजात जावे.